पालो आल्टोतच राहायचा हट्ट नको

लेकीच्या पदवीदानासाठी स्टॅनफर्डला जाताय आणि हॉटेल विद्यापीठाला लागून असलेल्या पालो आल्टोतच हवं, असं तुम्ही लिहिलंय. आधी अभिनंदन! पण जूनच्या मध्यावर, समारंभाच्या त्या दोन-तीन दिवसांत तिथले दर अक्षरशः आभाळाला भिडतात आणि वर हॉटेलच्या भाड्यावर शहराचा साडेपंधरा टक्के कर लागतो. खोली शोधताना सुरुवातीला दिसणाऱ्या आकड्यात तो बहुधा धरलेला नसतो, एवढं ध्यानात ठेवा.

माझ्या मते माउंटन व्ह्यू किंवा सनीवेल या जवळच्या गावांत हॉटेल बघा, तेही कॅलट्रेन या तिथल्या लोकल गाडीच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं. २०२४ पासून ही गाडी विजेवर धावते. माउंटन व्ह्यूहून पालो आल्टो दहा-बारा मिनिटांवर, आणि तिथल्या स्टेशनाबाहेरूनच विद्यापीठाची 'मार्गरीट' बस मिळते. ती फुकट आहे, पाहुण्यांनाही चालते. गाडी भाड्याने घेऊन कॅम्पसवर पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बरोबर आजी-आजोबा असतील तर सनीवेलच घ्या. एल कमिनो रियल रस्त्यावर इडली-डोशापासून किराण्यापर्यंत सगळं मिळतं, आणि सकाळी पोटात ओळखीचं काही गेलं की म्हातारी माणसं दिवसभर खुशीत असतात.

समारंभाशी संबंध नसेल, नुसतं हिंडायचं असेल, तर शनिवार-रविवारी पालो आल्टोतही एखादी रात्र काढायला हरकत नाही. कंपन्यांच्या कामाला येणारी माणसं तेव्हा नसतात, त्यामुळे दर बरेचदा उतरतात. संध्याकाळी युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरून पायी फिरा, एचपी ही संगणक कंपनी जिथे सुरू झाली ते ॲडिसन अव्हेन्यूवरचं गॅरेज बाहेरून बघा.

रद्द करता येणारं बुकिंग मात्र आजच करून टाका.