मदत हवी आहे: शाळेत तुळशीची माळ काढायला सांगतायत

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझा मुलगा सहावीत आहे, घरात वारी पिढ्यान् पिढ्या, गेल्या आषाढीला त्याने स्वतःहून पंढरपुरात माळ घातली. आता क्लास टीचर म्हणतात युनिफॉर्मवर गळ्यात काहीच चालणार नाही, काढूनच ये. अहो माळ एकदा घातली की उतरवत नाहीत असं सांगितलं तर म्हणे एकाला परवानगी दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. मग द्या ना! त्याच्या वर्गातल्या एका मुलीला हिजाब काढायला लावतात तेही मला पटत नाही.

चेंबूरच्या कॉलेजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये हिजाब, टोपी, बॅजवरच्या बंदीला स्थगिती दिली, पण त्याआधी कर्नाटकच्या केसमध्ये २०२२ ला दोन जजची मतं वेगवेगळी पडली होती, मग आपण नक्की काय धरायचं? अनुदानित शाळेला असा नियम करता येतो का? मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊ की आधी पालक-शिक्षक संघात विषय काढू? माळ शर्टाच्या आत ठेवायची आमची तयारी आहे. कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा, पोरगं शाळेत जायलाच नको म्हणतंय.