मदत हवी आहे: भावाला सी३ ग्लोमेरुलोपॅथी निघालीय
नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडला राहतो. धाकट्या भावाच्या (वय १९) किडनी बायोप्सीत सी३ ग्लोमेरुलोपॅथी आलीय, म्हणजे शरीराची कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षण यंत्रणा आवरतच नाही आणि तिचं सी३ प्रथिन किडनीच्या गाळणीत साचत जातं, म्हणून रक्तात सी३ कमी पण सी४ (त्याच यंत्रणेतलं दुसरं प्रथिन) नॉर्मल. लघवीला फेस, पाय सुजलेत. त्यात स्टिरॉइड चालू झाल्यापासून शुगर चढलीय, रात्र रात्र झोप नाही घरात कुणाला. कॉम्प्लिमेंटला आवरणाऱ्या इप्टाकोपॅन गोळीला या आजारासाठी अमेरिकेत मार्च २०२५ ला मंजुरी मिळालीय, आपल्याकडं कुणी घेतंय का, कशी मिळवली? त्याआधी मेनिंगोकोकलची (मेंदूज्वराच्या जंतूविरुद्धची) लस लागते, ती सोलापुरात कुठं मिळेल? आणि मीठ कमी करायला सांगितलंय, पण शेंगाचटणीशिवाय त्याला भाकरी जात नाही, बिनमिठाची कुणी करतं का? प्लीज सांगा.