भक्षक नाहीसा झाल्यावर प्रजातींची विविधता का घटते?

प्रश्न:
भक्षक प्राणी नाहीसे झाले, तर त्यांचे भक्ष्य असलेल्या सर्वच प्रजातींना जीवदान मिळून परिसंस्था अधिक समृद्ध व्हायला हवी, असे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा याच्या उलट घडते, ते का?

उत्तर १:
भक्ष्य प्रजाती जागेसाठी आणि अन्नासाठी एकमेकींशीही झगडत असतात, ही बाब आपल्या मांडणीत सुटली आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किनाऱ्यावरच्या खडकांवरून तारामासे सातत्याने हटवले. १९६६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तेथील १५ प्रजातींपैकी ८ प्रजातीच उरल्या, कारण ज्या मसल जातीच्या शिंपल्यांना तारामासे खाऊन आटोक्यात ठेवत होते, त्यांनी खडक व्यापून इतरांना हुसकावून लावले. केवळ निरीक्षणावर न थांबता थेट निसर्गात केलेला हा प्रयोग मला अत्यंत मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग प्रत्येक भक्षकाचा परिणाम असाच होतो का?

उत्तर २:
नाही. भक्षक स्पर्धेत वरचढ असलेल्या प्रजातीला प्राधान्याने खात असेल, तरच विविधता टिकते. दुबळ्या स्पर्धकांनाच तो खात असेल, तर ती घटते. शिवाय प्रतिस्पर्धी प्रजाती एकत्र टिकण्यासाठी भक्षकच लागतो असेही नाही. रशियन जीवशास्त्रज्ञ गॉस यांच्या १९३०च्या दशकातील प्रयोगांत पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन प्रजातींपैकी एक स्पर्धेत नष्ट झाली, परंतु तळाशी अन्न शोधणारी तिसरी प्रजाती मात्र प्रतिस्पर्ध्यासोबत टिकून राहिली.