‘अपारंपरिक धोका’ आणि ‘दहशत’ : अर्थ आणि वापर

‘दहशतवाद हा राष्ट्रीय सुरक्षेला असलेला अपारंपरिक धोका आहे’ हे वाक्य राज्यशास्त्राच्या पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत हमखास आढळते. त्यातील ‘अपारंपरिक’ या शब्दाने विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, कारण मराठीत तो सौर आणि पवन ऊर्जेच्या संदर्भात रुळला आहे आणि तेथे त्याचा अर्थ ‘नवा, आजवर फारसा न वापरलेला’ असा घेतला जातो. दहशतवाद मात्र नवा नाही. येथे हे विशेषण काळाविषयी नसून, धोका कोणाकडून आहे आणि कोणाला आहे, याविषयी आहे. एका राष्ट्राच्या सैन्याने दुसऱ्याच्या सीमेवर चालून जाणे हा पारंपरिक धोका. सैनिक नसलेल्यांनी बाजारपेठेत, लोकलच्या डब्यात, निःशस्त्र माणसांवर केलेला हल्ला हा अपारंपरिक. (‘पारंपारिक’ हे रूप छापील मजकुरातही दिसते, पण ‘परंपरा’ला ‘इक’ प्रत्यय लागून ‘पारंपरिक’ होते.)

वाहिन्यांवर हिंदीच्या प्रभावाने ‘आतंकवादी’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. ‘आतंक’ संस्कृत आहे आणि रोग, पीडा, भय असे त्याचे अर्थ आहेत. ‘दहशत’ अरबी-फारसीतून आलेला आहे. तरीही मला ‘दहशत’ हाच शब्द नेमका वाटतो, आणि त्याचे कारण मराठीने त्याच्याशी जोडलेली क्रियापदे हे आहे. भीती वाटते, दहशत बसते, कोणीतरी ती बसवतो किंवा माजवतो. भीती अंधाराचीही वाटते, पण दहशतीमागे माणसाचा हेतू असतो, आणि ज्याचा बळी जातो त्याच्यापेक्षा जे मागे उरतात त्यांच्यावर ती बसवायची असते. (‘बिबट्याची दहशत’ हा बातम्यांतील वापर लाक्षणिक आहे.) ‘अमक्याची गावात दहशत आहे’ असे म्हणतो तेव्हा तो रोज कोणाला मारतो असे नव्हे, त्याने काही न करताही लोक तक्रार द्यायला पुढे येत नाहीत, दुकान उघडताना दोनदा विचार करतात. लोक असे व्यवहारातून मागे सरले की विकासही अडतो; दहशतवादाचा विकासाशी असलेला संबंध या शब्दातच आहे.

कायद्यानेही हा संबंध मान्य केला आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (यूएपीए) कलम १५ मध्ये ‘दहशतवादी कृत्या’ची व्याख्या आहे, २०१२ च्या दुरुस्तीने त्यात देशाच्या एकात्मतेबरोबर ‘आर्थिक सुरक्षा’ हे शब्द आले, आणि त्यांच्या अर्थात अन्नाची, ऊर्जेची, इतकेच नव्हे तर उपजीविकेची सुरक्षाही धरली गेली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसांचे बळी घेणाऱ्या साखळी बॉम्बस्फोटांत शेअर बाजाराची इमारत आणि झवेरी बाजार ही लक्ष्ये होती, हे येथे आठवावे.

गडचिरोलीत तर रस्ताच लक्ष्य झाला. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची २५ हून अधिक वाहने आणि यंत्रे नक्षलवाद्यांनी जाळली आणि नंतर तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ पोलीस आणि गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. यातील पहिल्या घटनेला केवळ ‘जाळपोळ’ म्हणणे मला अपुरे वाटते. जळाले ते रोलर आणि टिपर. पण पुढच्या वेळी कामाची निविदा भरताना ठेकेदाराचा हात अडखळावा, यासाठी ते जाळलेले होते, आणि या अडखळण्यालाच मराठीत ‘दहशत बसणे’ म्हणतात.

राहिला ‘धोका’. हिंदीतील ‘धोखा’ म्हणजे फसवणूक, तो अर्थ येथे आणू नये. ‘धोका’ संभवतो, ‘संकट’ ओढवते. म्हणून हल्ला होऊन गेल्यानंतरच्या परिस्थितीला ‘सुरक्षेवरील संकट’ म्हणावे, आणि ‘सुरक्षेला धोका’ हा प्रयोग हल्ल्याची शक्यता टिकून असेल तेथे करावा.