लुई मालचा भारत : चित्र टिकलं, पण निवेदनाचं काय?

नीलफीत

फ्रेंच दिग्दर्शक लुई मालची भारतावरची सात भागांची माहितीपट मालिका 'लाँद फाँतोम' १९६९ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर आली. १९७० मध्ये बीबीसीने ती दाखवली, तेव्हा भारत सरकारने आक्षेप घेतला. बीबीसीने प्रक्षेपण थांबवायला नकार दिला आणि दिल्लीतलं तिचं कार्यालय बंद झालं, ते १९७२ मध्ये परत उघडलं. आक्षेप असा की मालने देशाचं दारिद्र्य तेवढं दाखवलं. माझं म्हणणं असं की सरकारने चुकीच्या जागी बोट ठेवलं. चित्रांत खोट नाही, खोट आहे ती त्यावर चढवलेल्या आवाजात.

ज्यांना मालबद्दल फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९३२, उत्तर फ्रान्समधलं त्युमरी. आईचं माहेर बेगाँ, म्हणजे साखर कारखानदारीतलं बडं घराणं. पॅरिसच्या चित्रपट शिक्षणसंस्थेतून थेट समुद्रसंशोधक कूस्तोच्या जहाजावर. दोघांनी मिळून केलेल्या समुद्राखालच्या माहितीपटाला १९५६ मध्ये कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करही. मग दिग्दर्शक ब्रेसाँकडे सहायक, आणि १९५८ पासून स्वतःचे कथापट. पस्तिशीत पोचेपर्यंत नाव, पैसा, सगळं झालेलं होतं. १९६७ च्या अखेरीस फ्रेंच चित्रपटांचा संच घेऊन तो फ्रेंच सरकारतर्फे भारतात आला, आणि जानेवारी १९६८ मध्ये परत आला तो फक्त दोन माणसांना घेऊन : छायाचित्रणाला एत्येन बेकेर, ध्वनिमुद्रणाला ज्याँ-क्लोद लोरो. पटकथा नाही, आधी ठरवलेला मार्गही नाही. चार महिन्यांत सुमारे ३० तासांचं १६ मिमी चित्रण झालं. पॅरिसला सुझान बारोंबरोबर त्याचं संकलन करून सुमारे सहा तासांची मालिका आणि पावणेदोन तासांचा 'कलकत्ता' हा स्वतंत्र चित्रपट काढला.

हिशेब करून बघा. ३० तासांतून जवळजवळ आठ तास वापरले, म्हणजे चारास एक. भटकत केलेल्या निरीक्षणपर माहितीपटाला हे प्रमाण फार कमी आहे, एरवी दहास एक सहज होतं. याचा अर्थ कॅमेरा उगाच चालू ठेवलेला नव्हता. दुसऱ्या भागातली मद्रासच्या मैलापूरची रथयात्रा पाहा. कॅमेरा गर्दीत, दोरखंड ओढणाऱ्यांच्या खांद्याशी उभा आहे. असला रथ वळतो आणि थांबतो तो चाकाखाली ठोकळे सरकवणाऱ्या माणसांमुळे. जळगावच्या रथाला मोगरी लावतात, तोच प्रकार. चाक पुढे येत असताना ठोकळा सारायचा आणि हात काढून घ्यायचा, जरा उशीर झाला तर बोटं गेली. त्या गर्दीत बेकेर कुठे उभा राहिला असेल, याचा विचार केला की कौशल्य कळतं.

आणि हे बघत असताना कानावर पडतं ते मालचं निवेदन. तिथे माझी तक्रार सुरू होते. चित्र मला रथाजवळ नेतं आणि आवाज हात धरून मागे ओढतो.

गिरगावकर

नीलफीत, चित्रणाबद्दल पूर्ण सहमत. निवेदनाबद्दल मात्र अजिबात नाही. ते काढलंत तर मालिकेतला सर्वांत प्रामाणिक भागच जाईल.

पहिल्या भागाचं नावच 'अशक्य कॅमेरा' असं आहे. सुरुवात होते ती इंग्रजी बोलणाऱ्या सुशिक्षित भारतीयांपासून, आणि माल लगेच सांगतो की हे लोकसंख्येचे दोनेक टक्के आहेत आणि उरलेल्या सगळ्यांच्या वतीने हेच बोलतात. मग तो खेड्यात जातो. बायका कॅमेऱ्याकडे रोखून बघतात, आणि आपण इथे आगंतुक आहोत हे तो कबूल करतो. १९६८ साली किती माहितीपट हे कबूल करत होते? तेव्हाचं चलन म्हणजे धीरगंभीर पुरुषी आवाज, 'भारत हा विरोधाभासांचा देश आहे' अशी सुरुवात, आणि पडद्यावर प्रत्येक गोष्टीचा सर्वज्ञ अर्थ. माल हे करत नाही. 'मला कळलं नाही' असं तो वारंवार म्हणतो.

दुसरं, कॅमेऱ्यात बघणारी माणसं. नेहमीचा दिग्दर्शक असे शॉट कापून टाकतो किंवा दुभाष्यामार्फत 'इकडे बघू नका' असं सांगतो. मालने ते बघणं तसंच ठेवलं. निवेदन नसतं तर ही निवड प्रेक्षकाला सदोष चित्रण वाटली असती. कोण कुणाकडे बघतंय, हा प्रश्न त्या आवाजामुळे उभा राहतो.

ध्वनिरेषा

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे ध्वनीचा व्यवहार. निवेदनाचा प्रश्न निम्मा नैतिक, निम्मा तांत्रिक आहे.

त्या काळात फ्रेंच माहितीपटवाल्यांचा नेहमीचा संच म्हणजे इक्लेअर एनपीआर कॅमेरा आणि नाग्रा ध्वनिमुद्रक. कॅमेऱ्याचं मॅगझिन, म्हणजे फिल्मची डबी, ४०० फुटांचं. १६ मिमीला फुटाला ४० चौकटी (फ्रेम), सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे जेमतेम ११ मिनिटं. एनपीआरचं मॅगझिन आधीच ओवून ठेवता येतं, त्यामुळे बदलायला काही सेकंद पुरतात. पण रिकामी मॅगझिनं परत भरायची ती काळ्या कापडी चेंजिंग बॅगेत, हात आत घालून, चाचपडत. मद्रासच्या मार्च-एप्रिलमध्ये त्या बॅगेत हाताला घाम सुटतो. घाम फिल्मवर लागला तर डाग पडतो, धूळ आत गेली तर फिल्मवर ओरखडे येतात किंवा गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो त्या खिडकीत, केस अडकतो आणि तो सगळ्या रिळभर चौकटीच्या कडेला नाचतो. उन्हात राहिलेल्या रंगीत फिल्मचा रंग सरकतो. नाग्रावर पाच इंची चकती, सेकंदाला साडेसात इंचांच्या वेगाला साधारण १६ मिनिटं. म्हणजे दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या वेळी संपतात. तीन माणसांत हे सांभाळायचं, आणि ३० तास म्हणजे अशी १६० हून जास्त मॅगझिनं.

आता मुख्य मुद्दा. तीन माणसांच्या चमूत भाषा जाणणारा चौथा माणूस कायमचा नसेल, तर ध्वनिमुद्रकाला कळत नाही की माइक कुणाकडे वळवायचा. महत्त्वाचं वाक्य कोण बोलतंय, याचा अंदाज तो फक्त चढलेल्या सुरावरून बांधतो. संकलनाच्या टेबलावर अडचण दुप्पट होते. तमिळ किंवा बंगाली वाक्य कुठे संपतं हे संकलकाला माहीत नसेल तर काप वाक्याच्या मध्ये बसतो. मग तो झाकायचा कसा? वर निवेदन टाकून. मालिकेत कित्येक ठिकाणी माणसं बोलताना दिसतात, त्यांचा आवाज खाली दबतो आणि वर फ्रेंच किंवा इंग्रजी येतं. गिरगावकर, तुम्ही ज्याला प्रामाणिकपणा म्हणता, तो काही ठिकाणी साधी डागडुजी आहे. 'मला कळलं नाही' हे खरंच, पण जे बोललं गेलं ते फितीवर होतं. पॅरिसमध्ये तमिळ जाणणारा माणूस बसवून, उतारा काढून, उपशीर्षकं देता आली असती. वेळ आणि पैसा लागतो, पण हे अशक्य नव्हतं.

शब्दवेध

ध्वनिरेषा यांनी नेमकी नस पकडली. मी एक पाऊल पुढे जातो : तयारीशिवाय येणं हीच मूळ चूक, आणि तिला पद्धत म्हणून मिरवणं ही दुसरी.

सत्यजित राय यांनी या वादाच्या वेळी त्यांच्या चरित्रकार मेरी सीटन यांना पत्र लिहिलं होतं. त्याचा आशय असा की परक्या देशावर माहितीपट करायचा तर त्याचा इतिहास, समाज, धर्म यांचा कसून अभ्यास हवा आणि खरं प्रेम हवं. भारावलेल्या किंवा किळसलेल्या, कुठल्याही भांबावल्या अवस्थेत केलेल्या कामातून काही हाती लागत नाही. हे सरकारी माणसाचं मत नव्हे. 'पथेर पांचाली' दारिद्र्याची जाहिरात करतो, असा आरोप स्वतः सोसलेल्या दिग्दर्शकाचं आहे.

आणि मालचाच दुसरा माहितीपट समोर ठेवा. चार वर्षांनी त्याने फ्रान्समधल्या रेन शहरात सित्रोएनच्या मोटार कारखान्यात चित्रण केलं, छायाचित्रणाला पुन्हा बेकेरच. १९७४ मध्ये तो आला. सव्वा तासात बहुतेक जुळणीची साखळी, पत्रा, वेल्डिंग, त्याच त्या हालचाली करणारे हात. निवेदन शून्य. फ्रेंच कामगारासमोर माल गप्प बसला, कारण तिथे हातांची हालचालच पुरेशी बोलते असं त्याला वाटलं. मग भारतातल्या शेतकऱ्याचे, कोळ्याचे हात बोलत नव्हते का? तिथे दर दहा मिनिटांनी फ्रेंच माणसाचं मन ऐकायची गरज का पडली?

गिरगावकर

शब्दवेध, रेनचं उदाहरण जोरदार आहे, पण अर्धंच आहे. त्याच सुमारास पॅरिसच्या रिपब्लिक चौकात त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून गप्पा मारल्या, तो स्वतः चौकटीत आहे, ध्वनिमुद्रकही दिसतो. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ग्लेन्को या शेतकरी गावात चित्रण केलं, काही वर्षांनी परत जाऊन १९८६ पर्यंत पूर्ण केलं. तिथे तो प्रश्न विचारतो, निवेदनही करतो. गोऱ्या शेतकऱ्यांबद्दलही 'मी' म्हणूनच बोलतो. भारतासाठी वेगळी वागणूक, हा आरोप टिकत नाही. कारखान्यात यंत्रांचा आवाजच इतका की बोलण्याला जागा नाही. तो अपवाद धरा.

आणि हे विसरू नका की ग्लेन्कोला तो परत जाऊ शकला. भारतात बीबीसी प्रकरणानंतर ते दार जवळपास बंदच झालं होतं. परत येऊन चूक दुरुस्त करायची संधी सरकारनेच हिरावली, आणि आता आपण म्हणतो की त्याने अभ्यास केला नाही.

प्रभातरंग

त्या वेळी आपले लोक काय करत होते ते इथे कुणीच आणलं नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे काहीच नव्हतं आणि फ्रेंच माणूस येऊन आरसा दाखवून गेला, असा समज या चर्चेतून होऊ नये.

मुंबईची फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची. साठच्या दशकाच्या मध्याला ज्याँ भावनगरी पॅरिसच्या युनेस्कोतून सल्लागार म्हणून परत आले आणि तिथल्या तरुण दिग्दर्शकांना मोकळीक मिळाली. १९६७ मध्ये दिग्दर्शक सुखदेव यांचा 'इंडिया ६७' आला, जवळपास तासाभराचा, निवेदनाविना, फक्त चित्र आणि ध्वनी. त्याच वर्षी दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्रींनी 'आय ॲम २०' या माहितीपटात १५ ऑगस्ट १९४७ ला जन्मलेल्या तरुणांना कॅमेऱ्यासमोर बसवलं, आणि ते स्वतःच्या देशाबद्दल स्वतःच्या तोंडाने, कडवट सुद्धा, बोलले. सरकारी पैशाने! निवेदनाशिवाय भारत दाखवता येतो हे मालच्या आधी वर्षभर मुंबईत सिद्ध झालेलं होतं.

फरक दोन बाबतींत. एक लांबी. फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवला जायचा, त्यामुळे बहुतेकांना १० ते २० मिनिटांत आटोपावं लागे. रथ येईपर्यंत वाट बघायची चैन मालला होती, आपल्या माणसाला नव्हती. दुसरी बाब मंजुरीची. विषय, संहिता, रफ कट (कच्चं संकलन), प्रत्येक पायरीवर सही. माल स्वतःच निर्माता, घरची निर्मितीसंस्था पाठीशी, त्यामुळे 'चार महिने फिरतो, काय मिळेल ते बघतो' असं तो म्हणू शकला. माझ्या मते या मालिकेतली सर्वांत निर्णायक व्यक्ती दिग्दर्शक माल नसून निर्माता माल आहे. संहितेशिवाय ३० तासांच्या रंगीत फिल्मचा खर्च दुसऱ्या कुणी मान्य केला नसता.

शब्दवेध

प्रभातरंग, 'इंडिया ६७'चा उल्लेख झाला हे बरं झालं. पण निर्माता म्हणून ज्याला कुणाची सही लागत नव्हती, त्याला आणखी दोन महिने अभ्यासाला आणि एका कायमच्या दुभाष्याला काय अडचण होती? स्वातंत्र्य जेवढं मोठं तेवढी सबब लहान. सहाव्या भागात ओरिसातले बोंडा, निलगिरीतले तोडा, कोचीनचे ज्यू आणि पाँडिचेरीचा आश्रम हे सगळे एकाच तासात. यातल्या एकेका समाजाला एक भाग लागतो.

नीलफीत

गिरगावकर, ग्लेन्कोचा मुद्दा मान्य. 'मी' म्हणून बोलणं ही त्याची सगळीकडचीच रीत होती. पण तिथे भाषा त्याला येत होती, म्हणून त्याच्या 'मी'समोर दुसरा माणूस उत्तर द्यायला उभा राहतो. भारतात बहुतेक ठिकाणी उत्तर देणारा आवाजच खाली दबला आहे. ध्वनिरेषांच्या प्रतिसादानंतर माझी तक्रार मी अशी बदलतो : निवेदन असण्याला हरकत नाही, ते कुणाच्या बोलण्यावर पडतं याला आहे. मद्रासच्या भागातलं तमिळ नाटककार चो रामस्वामींचं प्रकरण बघा. ते स्वतः बोलतात, त्यांचं नाटक दिसतं, आणि भाग एकदम जिवंत होतो, कारण तिथे दुसरी बाजू आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी क्रमाने सुरू करू नये, असं सुचवतो. आधी दुसरा भाग, मग पाचवा (जातिव्यवस्थेवरचा), मग पहिला. पहिल्या भागातली कबुली ही दोन भाग बघून झाल्यावर जास्त नीट तपासता येते. ज्यांना तमिळ किंवा मल्याळम येतं त्यांनी निवेदनाच्या खाली काय ऐकू येतं ते जरूर इथे लिहावं, भाग आणि मिनिट देऊन.

ध्वनिरेषा

त्यासाठी हेडफोन लागेल. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचा थर ऐकू येत नाही. फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही निवेदनांच्या आवृत्त्या मिळाल्या तर एकच प्रसंग दोन्हींत ऐका. निवेदनाच्या वाक्यांची लांबी वेगळी, त्यामुळे एकीत झाकलेला शब्द दुसरीत उघडा पडू शकतो. मी दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो.