रोमँटिक काळातली क्रांती कुणाची? संगीतकारांची की सुतार-लोहारांची?

सुतारपक्षी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात मुलीसाठी जुना उभा पियानो घेतला. तीसेक वर्षं मुंबईच्या दमट हवेत काढलेला, त्यामुळे ट्यूनर आले तेच मान हलवत. त्यांनी पुढच्या फळ्या काढून भिंतीला टेकवल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पियानोचं पोट बघितलं. नमद्याच्या हातोड्यांची रांग, त्यातल्या काहींना कसर लागलेली, आणि मागे बिडाची ओतीव चौकट. ट्यूनर म्हणाले, "एवढ्या तारा ताणून धरायच्या तर नुसतं लाकूड नाही पुरत, साहेब. मोडून पडेल."

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणजे रोमँटिक काळातल्या, युरोपियन संगीताचा इतिहास आपण नेहमी माणसांच्या नावांनी वाचतो. बेथोवननं दार उघडलं, शोपँनं पियानोला गायला लावलं, लिस्टनं त्याचा ऑर्केस्ट्रा केला, वॅग्नरनं सगळंच उलटंपालटं केलं. मला वाटतं हे श्रेय चुकीच्या खात्यात जमा झालंय.

मोझार्टच्या पियानोला पाच सप्तकं, लाकडी सांगाडा आणि चामडं लावलेल्या इवल्याशा हातोड्या. त्यावर जोर केला तर तार तुटायची. मग १८२१ मध्ये पॅरिसच्या एरार या पियानो बनवणाऱ्या घराण्यानं अशी रचना काढली की पट्टी पूर्ण वर यायच्या आतच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. १८२५ मध्ये बोस्टनच्या बॅबकॉकनं अखंड ओतीव चौकटीचं पेटंट घेतलं. १८२६ मध्ये पॅरिसच्या पापनं हातोड्यांना नमदा लावला. १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाइनवेनं ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या नेल्या. आज मोठ्या ग्रँडमध्ये तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास जातो.

आता लिस्ट बघा. १८२३ च्या डिसेंबरात बारा वर्षांचा हा मुलगा बापाबरोबर पॅरिसला आला आणि उतरला तो नेमका एरारच्या कारखान्यासमोरच्या हॉटेलात. एरारनी त्याला आपला नवा पियानो दिला. एकाच स्वरावर मशीनगनसारखा मारा करणारं त्याचं वादन ऐकून बायका बेशुद्ध पडायच्या म्हणतात. पडू देत. पण ती पट्टी तशी उसळली नसती तर हा मारा झालाच नसता. हाच पोरगा १७५० मध्ये जन्माला आला असता तर एखाद्या सरदाराच्या पदरी हार्पसिकॉर्ड वाजवत म्हातारा झाला असता.

बोला.

टवाळ

थोडक्यात, ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांची की बोरू तासणाऱ्याची?

मंद्रसप्तक

टवाळांनी एका ओळीत निकाल लावलाय, तरी लिहितो, कारण धागाकर्त्यांनी लिस्ट हे सोयीचं उदाहरण निवडलंय. लिस्ट अर्धा सर्कसवाला होताच. (अर्धाच. उरलेल्या अर्ध्यानं १८८५ मध्ये 'बिनस्वरकेंद्राची बागातेल' ही छोटी पियानोरचना लिहिली, जिला 'सा'च सापडत नाही. तिच्यासाठी कुठलं पेटंट लागलं?)

तुमच्या यादीतलं पहिलं साल १८२१. त्याच्या सात वर्षं आधी, १९ ऑक्टोबर १८१४ ला, व्हिएन्नातल्या एका सतरा वर्षांच्या मुलानं जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' नाटकामधलं ग्रेटशेनचं गाणं स्वरबद्ध केलं. शूबर्ट. ती चरख्यापाशी बसून प्रियकराला आठवतेय. पियानोचा उजवा हात गरगर फिरतो, तो चरखा. डाव्या हातात पायट्याचा ठेका. इथपर्यंत कुणीही हुशार माणूस येईल. पण ती आठवत आठवत 'आणि हाय, त्याचं चुंबन!' या ओळीवर पोचते आणि चरखा थांबतो. पियानो गप्प. मग उजवा हात परत सुरू व्हायला बघतो, अडखळतो, पुन्हा बघतो, आणि चाक हळूहळू गती घेतं. तिचा हात चरख्यावरून सुटला होता हे शब्दांत कुठेही नाही, ते फक्त साथीत आहे. साथीदाराला नायिकेच्या मनातलं गायिकेच्या आधी कळतं, ही माझ्या लेखी रोमँटिक संगीताची सुरुवात. आणि ती झाली लाकडी सांगाड्याच्या जुन्या पियानोवर.

(अवांतर: शूबर्टच्या मित्रानं १८१६ मध्ये ही गाणी गटेला पाठवली. बाड परत आलं, सोबत एक ओळही नव्हती. संपादकांना शिव्या घालणाऱ्या इथल्या कवींनी धीर धरावा.)

दुसरं, शोपँचं ई मायनर प्रेल्यूड. पंचवीस मात्राखंडांचा इवलासा तुकडा. उजवा हात पंचमावरून कोमल धैवतावर जातो आणि पंचमावर परत येतो. बराच वेळ एवढंच चालू असतं, एखाद्याला हुंदका आवरेना तसं. डाव्या हातात एकसारखे ठोके, आणि त्या स्वरगुच्छातला कधी एक स्वर अर्ध्या सुरानं खाली सरकतो, कधी दुसरा. जमीन खचत जावी पण कोसळू नये. मुलीला विचारा, वर्षभर शिकलेला विद्यार्थीसुद्धा बोटांनी हे वाजवू शकतो. यात एरारची उसळती पट्टी नाही, बिडाची चौकट नाही, सात सप्तकं नाहीत.

आणि गंमत ऐका. १८३८-३९ च्या हिवाळ्यात शोपँ माजोर्का बेटावर या प्रेल्यूड्सवर शेवटचा हात फिरवत होता, तेव्हा त्याचा आवडता प्लेयेल पियानो पाल्माच्या जकातीत अडकला होता. तोवर त्यानं एका सुमार स्थानिक पियानोवर काम रेटलं. शोपँ राहत होता त्या डोंगरातल्या मठात प्लेयेल पोचला जानेवारीत, आणि त्याच महिन्यात हस्तलिखित पॅरिसला रवानाही झालं. कारागीर जकातीत, संगीतकार कामावर.

सुतारपक्षी

टवाळ, बोरू बदलला तरी ओवी तीच राहते. पियानो बदलला की स्वर बदलतो. तुलना फसली.

मंद्रसप्तक, शूबर्टचा मुद्दा लागला, नाही म्हणत नाही. पण शोपँच्या गोष्टीचा दुसरा भाग तुम्ही सोयीस्कर गाळलात. हे प्रेल्यूड्स विकत घेतले कुणी? कामीय प्लेयेलनं. दोन हजार फ्रँकला. तो पियानो बनवायचा आणि प्रकाशनही करायचा, फ्रेंच आवृत्ती त्यालाच अर्पण केलीय. म्हणजे पियानो जकातीत होता तेव्हाही शोपँच्या जेवणाचे पैसे कारखान्यातूनच येत होते. पूर्वी संगीतकार राजाच्या पदरी असायचा, आता तो पियानोवाल्याच्या पदरी आला. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पियानो शिरला म्हणून छोट्या, भावुक, दोन पानी रचनांना गिऱ्हाईक मिळालं. नॉक्टर्न काय, मझुर्का काय, हे सगळं त्या दिवाणखान्याच्या मापाचं शिवणकाम आहे.

मंद्रसप्तक

'मापाचं शिवणकाम' वाचून पाणी प्यायला उठलो. चालू द्या.

ओवी

दिवाणखान्याचा विषय काढलाच आहे तर तिथे पियानोपाशी बसायचं कोण, तेही बघू या. घरातल्या मुली. लग्नाच्या बाजारात पियानो येणं म्हणजे आपल्याकडे पूर्वी 'पेटीवर दोन गाणी म्हणते' असायचं, तेच.

फानी मेंडेल्सोन संगीतकार भाऊ फेलिक्सपेक्षा तीनेक वर्षांनी मोठी, तालीम तीच, गुरू तोच. १८२० मध्ये बापानं तिला पत्रात लिहिलं की फेलिक्ससाठी संगीत हा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी तो दागिनाच असू शकतो. ती तेव्हा चौदा वर्षांची. तिची सहा गाणी फेलिक्सच्या नावाखाली छापली गेली. १८४२ मध्ये तो लंडनला गेला तेव्हा व्हिक्टोरिया राणीनं त्याच्या संग्रहातलं आपलं आवडतं गाणं त्याला गाऊन दाखवलं, आणि त्याला कबूल करावं लागलं की हे बहिणीचं आहे. स्वतःच्या नावानं 'ओपस १', म्हणजे पहिली कृती, छापायला फानीला १८४६ उजाडलं. पुढच्या मे महिन्यात ती गेली, एक्केचाळिसाव्या वर्षी.

तिच्याकडे पियानो होता. चांगला होता. पैसा होता, बर्लिनच्या घरात दर रविवारी मैफल भरवण्याइतकी जागा होती. म्हणजे सुतारपक्षी म्हणतात ते सगळं होतं. मग क्रांतीच्या यादीत ती का नाही? कारण तिला कुणी 'तू संगीतकार आहेस' म्हटलं नाही. वाद्यानं काय शक्य होतं ते ठरतं, पण कुणाला परवानगी आहे ते दिवाणखानाच ठरवतो. तुम्हा दोघांच्याही याद्यांत एक बाईचं नाव आलं नाही, ग्रेटशेन सोडून. ती तर पात्र!

मंद्रसप्तक

ओवीताई, कबूल. पियानोवादक आणि संगीतकार क्लारा शूमनचं नाव तरी यायला हवं होतं. सोळाव्या वर्षी स्वतःचा पियानो कन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासोबतची पियानोरचना) लाइपझिगला वाजवला, फेलिक्स मेंडेल्सोनच्या संचालनाखाली. आणि मी इथे लिस्टवर शाई घालवतोय.

फातोर्ड्याचा ट्रंपेट

पियानोवालेच भांडताहेत, आमच्या फुंकणाऱ्यांचं कोण बोलणार? माझे सर चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकले, पुढे बँडमध्ये ट्रंपेट. त्यांचं एक म्हणणं होतं: व्हॉल्व्ह आले नसते तर आम्ही जन्मभर बिगुल वाजवत बसलो असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जुना हॉर्न म्हणजे गुंडाळलेली पितळी नळी. तिच्यात फुंकून ठरावीक स्वरच निघतात. मधले हवे असतील तर भोंग्यात हात कोंबायचा, मग स्वर निघतो पण घुसमटलेला. आणि पट्टी बदलली की नळीचा तुकडा काढून दुसरा लावायचा. १८१८ मध्ये श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी व्हॉल्व्हचं, म्हणजे बोटानं नळीची लांबी बदलणाऱ्या झडपेचं, पेटंट घेतलं आणि सगळे बारा स्वर सरसकट मिळायला लागले. वॅग्नरच्या ऑर्केस्ट्रातली पितळी भिंत त्याशिवाय उभीच राहत नाही. तेव्हा माझं मत सुतारपक्षींना.

पण एक गोष्ट मला आजवर सुटलेली नाही. १८६५ मध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह येऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर, ब्राम्सनं हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोसाठी त्रयी लिहिली आणि सांगितलं की हॉर्न जुनाच हवा, बिनव्हॉल्व्हचा. त्याचा बाप हॉर्न वाजवायचा, तो स्वतः लहानपणी तेच शिकलेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आई गेली होती. तिसरा भाग ई-फ्लॅट मायनरमध्ये आहे, आणि ई-फ्लॅटच्या हॉर्नला त्या टप्प्यात कोमल गंधार मोकळा मिळतच नाही, भोंग्यात हात घालूनच काढावा लागतो. म्हणजे ज्या स्वरावर सगळं दुःख उभं आहे तो स्वरच गळा दाटल्यासारखा येतो. व्हॉल्व्हच्या हॉर्नवर तो स्वच्छ येतो आणि मजा जाते. मी दोन्ही ऐकलंय.

आता हे कुणाच्या खात्यात टाकायचं?

सुतारपक्षी

जुन्या कारागिराच्या! 😄 पण खरंय, इथे अडचण आहे. विचार करतो.

पेटीमास्तर

उशिरा आलो. मी नाट्यसंगीताच्या साथीतला माणूस, पाश्चात्त्य संगीत कानावरून गेलंय तेवढंच. पण तुमच्या वादाचा एक प्रयोग आपल्याकडे आयताच होऊन गेलाय आणि कुणाला त्याची आठवण नाही.

हार्मोनियम मूळचा याच रोमँटिक काळातला. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या देबाँनं काढला. तिकडे त्यावर काय वाजायचं? हार्मनी, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर. रोसिनीनं १८६४ मधल्या आपल्या मासला (चर्चच्या उपासनेच्या गायनाला) साथ दिली ती दोन पियानो आणि एका हार्मोनियमची. १८७८ मध्ये द्वोर्झाकनं दोन व्हायोलिन, चेलो आणि हार्मोनियम यांच्यासाठी बागातेल लिहिल्या.

तेच वाद्य बोटीनं कलकत्त्याला आलं. द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता काढून हाताचा केला, जमिनीवर बसून वाजेल असं केलं, आणि तिथून ते आपल्या रंगभूमीवर आलं. तेच सूर, तशीच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचना. मग सुतारपक्षींच्या हिशेबानं आपल्याकडेही हार्मनी यायला हवी होती. आली का? डावा हात भाता मारत बसला. आम्ही उजव्या हातानं त्यातून मींडेचा भास काढायला शिकलो, जी त्या वाद्यात नाहीच. गायकाच्या मागून सावलीसारखं जायला शिकलो. रागाच्या श्रुती त्यात बसत नाहीत म्हणून १९४० मध्ये रेडिओनं त्याला बाहेर काढलं, तरी गावोगावच्या भजनात ते वाजतच राहिलं.

एकच पेटी. तिकडे एक झालं, इकडे दुसरंच.

सुतारपक्षी

मास्तर, दंडवत. माझ्या मूळ विधानातली 'क्रांती कारागिरांनी केली' ही भाषा मागे घेतो. पण सगळं मैदान सोडत नाही. वाद्य आलं म्हणून तुमचं घराणं बदललं नसेल, साथीचा धंदा बदलला की नाही? सारंगीवाले कुठे गेले? हार्मोनियमनं हार्मनी आणली नाही, पण सारंगी घालवायला हातभार लावलाच. कारागीर काय घडवतो याइतकंच काय बंद पाडतो, हेही मोजायला हवं. ब्राम्सनं जुना हॉर्न मागितला तोही तो बंद पडत चालला होता म्हणूनच.

पेटीमास्तर

सारंगीचं दुखणं खरं आहे. त्यात आमचाही हात आहे, काय बोलणार.

मंद्रसप्तक

सुतारपक्षी, माघारही तुम्ही चाल करून आल्यासारखी घेता. बर्लिओझ राहिलाच, त्याला पियानो येतच नव्हता, गिटार यायची, आणि तरी १८३० मध्ये त्यानं 'फँटास्टिक सिम्फनी' लिहिली. तिच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी मेंढपाळाचं सूरवाद्य हाक मारतं, आधी ज्यानं ओ दिली होती तो ओबो आता गप्प असतो, आणि उत्तर येतं ते चार वादकांनी दोन जोड्या नगाऱ्यांवर हलकेच केलेल्या गडगडाटाचं. त्यावर वेगळा धागा काढतो. इथे नको, मास्तरांच्या प्रतिसादानंतर शोभणार नाही.

फातोर्ड्याचा ट्रंपेट

काढा. नगारे कातड्याचे होते की नाही ते सुतारपक्षी विचारणारच.

सुतारपक्षी

विचारणार. ट्यूनर रविवारी परत येताहेत, कसर लागलेल्या हातोड्या बदलायला. ई मायनर मुलीला दिलंय. डावा हात जमतोय, उजव्याचा 'प ध प' ती फार घाईत उरकते.