रोरी गॅलाहरची स्ट्रॅट: जपायची की वाजवायची?

सहावी_तार

आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहरला जाऊन १४ जून २०२५ रोजी तीस वर्षं झाली. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात लंडनला बोनम्सच्या लिलावात त्याची १९६१ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे 'स्ट्रॅट' ही इलेक्ट्रिक गिटार, गेली. बोली सात लाख पौंडांवर थांबली. घेतली एका आयरिश कार्यक्रम-आयोजक कंपनीने आणि देऊन टाकली आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला. सगळे खूश. कुणा धनाढ्याच्या तिजोरीत जाण्यापेक्षा हे लाख पटीने बरं, मान्य. तरी मला ते पचत नाही. पंधराव्या वर्षी कॉर्कमधल्या दुकानातून शंभरेक पौंडांना, तीही वापरलेली, तीही हप्त्यावर घेतलेली गिटार. शेवटपर्यंत त्याने तिला पिळून काढली. ती आता काचेत उभी करून आपण नेमकं काय आठवायचं? माझ्या मते वर्षातून दोनचारदा तरी ती कुणाच्या खांद्यावर असली पाहिजे, अ‍ॅम्पला जोडलेली, दणदणीत आवाजात.

जुनी_फीत

साफ असहमत. त्या गिटारचा जवळून काढलेला फोटो बघा आधी. रंग जवळपास उरलेलाच नाही, उघडं लाकूड दिसतं. घामाने सोलून निघालंय ते. त्यात एकदा चोरीला गेली आणि पावसात भिजत चरात पडलेली सापडली. खुंट्या सहा, त्यातल्या पाच एका कंपनीच्या आणि एक भलतीच. बाराव्या फ्रेटवरच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीजवळच्या) ठिपक्यांपैकी एक गळून पडला, तिथे पांढरं प्लास्टिक बसवलंय. या सगळ्यात एक माणूस दिसतो. उद्या दुसरा कुणी तासभर वाजवेल, त्याचा घाम लागेल, मग फ्रेट झिजल्या म्हणून बदलतील, मग अजून काहीतरी. रोरीच्या खुणांवर खुणा चढवत जायचं आणि त्याला श्रद्धांजली म्हणायचं?

सहावी_तार

मग इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीच्या व्हायोलिनचं काय करायचं? 'इल कॅनोने' त्याने जिनोआ शहराला देऊन टाकलं. शहर ते डोळ्यांत तेल घालून सांभाळतं आणि पागानिनी स्पर्धा जिंकणाऱ्याच्या हातात वाजवायलाही देतं. तो गेला १८४० साली. आजही वाजतंय, आणि जपलेलंही आहे.

गरम_व्हॉल्व्ह

व्हायोलिनचा दाखला इथे लागू पडत नाही हो. व्हायोलिनचं लाकूड हाच आवाज. ही भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार. रोरीचा तो टोकदार, किंचित फाटलेला आवाज येतो वॉक्स एसी-३० अ‍ॅम्पमधून आणि त्याच्या आधी जोडलेल्या डॅलस रेंजमास्टर नावाच्या बूस्टरच्या डबीतून. उरलेलं सगळं बोटांत. तुम्ही ती दुसऱ्याच्या गळ्यात अडकवाल आणि ऐकू येईल तो दुसराच. वाजवायची एवढीच हौस असेल तर फेंडरने काढलेली प्रतिकृती आहे की, उडालेल्या रंगासकट.

बेसूर_पण_प्रामाणिक

उडालेल्या रंगासकट म्हणे! कोरी गिटार कारखान्यात घासूनपुसून म्हातारी करायची. याला श्रद्धांजली म्हणवत नाही बुवा, ही फॅन्सी ड्रेस स्पर्धा झाली.

हिरवा_ब्लूज

@गरम_व्हॉल्व्ह, 'ग्रीनी' ऐकली असती तर एवढं ठासून बोलला नसतात. फ्लीटवूड मॅकचा गिटारवादक पीटर ग्रीन, त्याची १९५९ची लेस पॉल गिटार. तारांचा कंप टिपणाऱ्या दोन पिकअपपैकी एकाचं चुंबक उलटं, त्यामुळे दोन्ही पिकअप एकदम चालू केले की नाकातून बोलल्यासारखा एक पोकळ आवाज येतो. हा आवाज त्या गिटारचाच. ग्रीनने ती गिटारवादक गॅरी मूरला विकली, मूरने १९९५ साली तिच्यावर ग्रीनच्याच गाण्यांचा अख्खा अल्बम केला. आता ती मेटॅलिका या बँडच्या गिटारवादक कर्क हॅमेटकडे आहे आणि भरल्या स्टेडियममध्ये वाजते. मूर २०११ला गेला, ग्रीन २०२०ला. पण कुठल्यातरी विशीतल्या पोराला तो आवाज ऐकून 'हे काय आहे?' असा प्रश्न पडतो आणि शोधत शोधत तो ग्रीनपर्यंत पोचतो. काचेतल्या गिटारने ही वाट दिसणार आहे का?

जुनी_फीत

ग्रीनने स्वतःच्या हाताने विकली, हे विसरू नका. रोरीने या गिटारला कधी अंतर दिलं नाही. आणि 'ग्रीनी'चा प्रवास तुम्ही सांगता तेवढा गोड नाही. मूरने २००६ साली ती विकली, मग ती व्यापारी आणि संग्राहकांकडे फिरत राहिली. २०१४मध्ये एका वाजवणाऱ्याकडे आली, हे तिचं नशीब. नशिबावर हवाला ठेवून वारसा टिकत नसतो.

सहावी_तार

रोरीची इच्छा आपल्यापैकी कुणालाच विचारता येणार नाही. त्याचा भाऊ डोनल, जो त्याचा व्यवस्थापकही होता, त्याने मात्र हीच स्ट्रॅट अमेरिकन ब्लूज गिटारवादक जो बोनामासाला लंडनच्या कार्यक्रमात वाजवायला दिली होती. घरच्या माणसाला चाललं, मग तुम्हाला का खुपतं?

बेसूर_पण_प्रामाणिक

तिसरी तऱ्हा पण आहे. २००४मध्ये मेटल गिटारवादक डाइमबॅग डॅरेलचा खून झाला तेव्हा रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने स्वतःची काळी-पिवळी गिटार त्याच्या शवपेटीत ठेवली. डाइमबॅगला तसलीच एक हवी होती, त्याला खरी मिळाली. लिलाव नाही, काच नाही, वाद नाही.

कोमल_निषाद

तुमचं सगळं लाकडावरच चाललंय. रोरी ४७व्या वर्षी गेला. विमानप्रवासाची भीती, त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, जोडीला दारू. यकृत गेलं, प्रत्यारोपण झालं आणि नंतरच्या संसर्गाने घात केला. हे कुठल्या काचपेटीत मांडणार? आणि उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचं काय? सत्तरच्या दशकात बाँबच्या भीतीने बाहेरचे बँड तिकडे फिरकत नव्हते, तेव्हा हा गडी अल्स्टर हॉलमध्ये येऊन वाजवत राहिला. प्रेक्षकांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही बाजूंची पोरं असायची. जानेवारी २०२५मध्ये त्याच हॉलसमोर त्याचा पुतळा उभा राहिला, तो काही गिटारच्या किमतीमुळे नव्हे. बॅलीशॅननला, त्याच्या जन्मगावी, दरवर्षी त्याच्या नावाने महोत्सव होतो. त्यात वाजवणाऱ्यांकडे कुठे असते ही स्ट्रॅट? काही अडतं का त्यांचं?

सहावी_तार

तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! लोक त्याला वाजवून आठवतात.

कोमल_निषाद

स्वतःच्या गिटारवर, होय. त्याची गिटार त्याच्याविना दिसली की ती जागा रिकामी आहे हे कळतं. मला ते कळायला हवंय. बोनामासा कितीही तयारीचा असो, त्याच्या गळ्यात ती दिसली की तेवढा वेळ आपण रोरी गेलाय हे विसरतो.

हिरवा_ब्लूज

मग विसरू द्या ना दहा मिनिटं. तीस वर्षं झाली.

गरम_व्हॉल्व्ह

भावना बाजूला ठेवून एक सांगतो. त्या गिटारची मान घाम आणि ओल पिऊन इतकी वाकायची की ती काढून बाजूला ठेवावी लागे आणि तोवर दुसरी बसवत. रोरीच्या हयातीत ही अवस्था. साठी ओलांडलेल्या लाकडाला आता रंगमंचावरच्या दिव्यांखाली पाठवायचं म्हणजे कठीणच. त्यापेक्षा एकदाच, नीट, स्टुडिओत तिच्यावर ध्वनिमुद्रण करा. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एसी-३० लावून. काचेशेजारी हेडफोन ठेवा. बघणाऱ्यांनी ऐकावं.

सहावी_तार

म्हणजे वाजवायची हे ठरलं! आता फक्त कोणी, एवढंच बोला.

जुनी_फीत

कुणीच नाही. आणि बोनामासाचं नाव परत काढू नका.